कोहऱ्याला साडेनऊ

आमच्या जयंतरावांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक बँकेची नोकरी आणि दुसरं लोकांना गुण देणं. पहिल्या कामातून बँकेनं त्यांना वेळेवर मोकळं केलं. दुसऱ्यातून मोकळं करणारा अजून जन्माला यायचाय.

बदली होऊन हे वर्ध्याहून उज्जैनला आले, माझ्याशी लग्न झालं आणि इथलेच झाले. माझं माहेर इथलंच. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते, हे आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. फ्रीगंजमध्ये आमच्या मराठी समाजाची दरवर्षी एकांकिका स्पर्धा व्हायची. एका वर्षी परीक्षक कमी पडला म्हणून कुणीतरी ह्यांना खुर्चीत बसवलं. बसले ते बसलेच. वाचिक अभिनय, आंगिक अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, प्रत्येकाला दहापैकी गुण. आणि सातच्या वर कुणाला म्हणून दिले नाहीत. "सात म्हणजे पुष्कळ झाले," म्हणायचे. जसे काही घरातूनच जाणार होते!

शिवाय ह्यांचा एक नियम होता. स्टेजवर नात्यातलं कुणी आलं की हे खुर्चीवरून उठायचे, बाहेर पानाच्या टपरीवर जाऊन उभे राहायचे आणि नाटक संपलं की परत यायचे. त्या नाटकापुढे ह्यांचा रकाना कोरा. नियम चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण आमचा विक्रांत लहान असताना बालनाट्यात खार झाला होता. मी आठवडाभर खपून त्याची शेपटी शिवली. पडदा उघडल्यावर त्या खारीनं पहिल्यांदा कुठे बघितलं असेल? परीक्षकांच्या टेबलाकडे. तिथे खुर्ची रिकामी. बाप बाहेर पानाला चुना कमी लावायला सांगत होता. मला इतका राग आला होता की मी टाळ्यासुद्धा वाजवायला विसरले.

पुढे विक्रांतनं कॉलेजच्या मुलांना घेऊन स्वतः एकांकिका बसवली. ह्यांचा रकाना परत कोरा. आणि आमच्या समाजाच्या सेक्रेटरींनी, त्यांचं गणित थोर, कोऱ्याच्या जागी शून्य धरून बेरीज केली. विक्रांतची टीम शेवटून पहिली आली. मी म्हटलं, "अहो, जाऊन सांगा तरी त्यांना!" तर म्हणतात, "मुलाच्या टीमसाठी मी भांडू? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नव्हते. लोक बटाटेवडे खात होते.

त्यानंतर विक्रांत मुंबईला गेला तो गेलाच. आधी नाटकांत दोन-दोन वाक्यांची कामं, मग परदेशी मालिकांना हिंदी आवाज द्यायचं काम. इकडे आमची स्पर्धाच बंद पडली. नाटक करणारी पोरं पुण्याला-बंगलोरला नोकऱ्या करायला लागली, मग स्टेजवर कोण येणार, सेक्रेटरी? जयंतराव घरी बसले आणि माझ्या नशिबी आले. आमटी वाढली की, "फोडणी सहा, मीठ चार, सादरीकरण पाच." टॉवर चौकात एका ऑटोवाल्याला वळण घेण्याबद्दल पाच दिले. तो म्हणाला, "बाबूजी, भाड़ा दो, नंबर मत दो."

श्रावणात विक्रांतचा मला फोन आला. माझ्या भावानं, यशोधननं, त्याच्यासाठी इंदूरला एका ऑफिसात जागा बघितली होती. दसऱ्याला हजर व्हायचं होतं.

"आई, मला काही समजतच नाही गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली. मी बरा आहे का टाकाऊ, हे कुणी धड सांगत नाही. डबिंगवाल्याचं तर शेवटच्या पाट्यांत नावही लावत नाहीत. बाबांनी एकदा सांगावं. ते खोटं बोलायचे नाहीत. टाकाऊ म्हणाले तर गुपचूप इंदूरला जातो."

"मग विचार ना त्यांना."

"विचारलं की उठून जातील. तुला माहितेय."

मला माहीत नसेल तर कुणाला? मग आमचं मायलेकरांचं कारस्थान ठरलं. 'कार्डवीर' नावाची जपानी कार्टून मालिका होती, हिंदीत दर आठवड्याला नवा भाग यायचा. त्यात पुढे येणाऱ्या एका पात्राला विक्रांतचा आवाज होता. मी ह्यांना ती दाखवायची आणि कुणाचा आवाज आहे ते मात्र सांगायचं नाही.

ह्यांना दाखवायची म्हणजे काय, नुसतं डिवचायचं. मी जेवताना म्हटलं, "अहो, हल्ली ती जपानी कार्टून्स येतात ना, काय तो एकेकाचा अभिनय! सगळा नुसता आरडाओरडा. पण विचारणार कोण? कुणी परीक्षकच नाही." बस. घास तोंडापाशीच थांबला.

खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची इशिता कॉलेजात जाते. तिनं आमच्या टीव्हीवर मालिका लावून दिली आणि फेसबुकवर ह्यांच्या नावानं एक पान उघडून दिलं, 'जयंतकाकांचे परीक्षण'. हे तोंडानं सांगायचे, ती टाइप करायची.

आता ही मालिका म्हणजे काय, तर शाळेतली पोरं पत्ते खेळतात. पण साधे नाहीत. पत्ता टाकला की त्यातून राक्षस निघतो, दोन राक्षस मारामारी करतात, आणि ज्याचा राक्षस हरला तो असा कोसळतो की ह्याला सलाइन लावावं लागतंय असं वाटावं. नायक केन्जी. केस पिवळे आणि उभे, अभ्यास शून्य. तो एक पत्ता टाकायला चार मिनिटं लावतो. आधी मैत्रीवर भाषण, मग आकाशाकडे बघणं, मग हात वर. आमच्या माहेरी रमी खेळताना कुणी इतका वेळ लावला असता तर मागून टपली बसली असती. मेलेले पत्ते स्मशानात जातात आणि केन्जी ते परत आणतो, तेव्हा सगळे "असंभव!" म्हणून किंचाळतात. भस्मारतीवर वाढलेल्या उज्जैनच्या माणसाला स्मशानाचं कसलं कौतुक दाखवता?

ह्यांचं पहिलं परीक्षण मला पाठ आहे. "नेपथ्य चार. पाठीमागचा डोंगर प्रत्येक प्रवेशात तोच. प्रकाशयोजना तीन, डोळ्यांस त्रास. रंगभूषा दोन. केन्जी यांच्या केसांना काही कारण दिसत नाही. मध्यंतर का दिले नाही, याचा खुलासा व्हावा." खाली एका पोरानं लिहिलं, "अंकल, नेपथ्य क्या होता है?" ह्यांनी त्याला नेपथ्याचा इतिहास पाठवला. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा म्हणाला, "अंकल सही बोल रहे हैं, पहाड़ सच में वही है." मग काय, पोरं जमायला लागली. केन्जीला वाचिक अभिनयात किती मिळतात म्हणून वाट बघायची. केन्जीला तीन मिळायचे.

काही भागांनंतर कोहरा नावाचा खलनायक आला. तोंडावर राखाडी मुखवटा, ओठ दिसतच नाहीत, सगळा खेळ आवाजाचा. मी कुकर लावत होते. टीव्हीतून आवाज आला, "पत्ता चल, बच्चे." एवढंच. आणि मी झाकण तसंच हातात धरून उभी राहिले. विक्रांत! सर्दी झाल्यावर बोलतो ना, तसा खालच्या पट्टीत, पण विक्रांत! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे इशिताला सांगत होते, "कोहरा, वाचिक अभिनय, सहा. श्वास वाक्याच्या मध्येच तोडतो." जन्मभर लोकांच्या आवाजाला गुण दिले, आणि पोटच्या पोराचा ओळखू येईना! धन्य तो परीक्षक!

पण सहा म्हणजे ह्यांच्या दरानं चांगलेच होते. मी विक्रांतला कळवलं. तो म्हणाला, "वाचलं आई. श्वासाचं बरोबर आहे त्यांचं." पुढच्या रेकॉर्डिंगला त्यानं श्वास सांभाळला. कोहऱ्याला साडेसहा. मग सात. पानावरची पोरं चकित. एकदा ह्यांनी खडसावलंही, "हसण्यात खोटेपणा. खलनायक असला तरी तो कशाला तरी हसत असणार." ते वाचून विक्रांत मला म्हणाला, "आई, इतकं कुणी ऐकतच नाही गं माझं." बाप-लेक दर आठवड्याला एकमेकांशी बोलत होते आणि बापाला पत्ताच नव्हता.

दसरा अगदी जवळ आला होता, यशोधनचे फोनावर फोन, आणि तो भाग आला. कोहरा जिंकत असतो, हातात शेवटचा पत्ता, समोर केन्जी नेहमीप्रमाणे जमिनीवर. कोहरा हसायला लागतो. हसतो, हसतो, आणि हसता हसता ते कधी रडू होतं ते समजतही नाही. शब्द एक नाही. ह्यांनी टीव्ही थांबवला. चष्मा काढून पुसला. परत लावला, परत पुसला.

"इशिता, लिही. कोहरा, वाचिक अभिनय, साडेनऊ."

इशितानं लिहायचं थांबवून विचारलं, "काका, साडेनऊ?"

"साडेनऊ. हा नट कोण आहे ते शोधलं पाहिजे. ह्याला कुणीतरी जाणकारानं शिकवलंय."

माझ्याच्यानं राहवलं नाही. खरंच नाही राहवलं. "अहो, तुमचाच आहे तो! विक्रांत आहे!"

वाटलं होतं, उडी मारतील, निदान रडतील तरी. हे खुर्चीत ताठ झाले. चेहरा असा, जसं काही बँकेतल्या तिजोरीची किल्ली हरवली.

"कितव्या भागापासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हे उठले, आतल्या खोलीत गेले, बाहेर आले आणि इशिताच्या शेजारी बसून नवा मजकूर सांगायला लागले. मी ओरडले, "अहो, काय करताय? पोरगा त्या एका शब्दासाठी थांबलाय! इंदूरला जाईल तो! साडेनऊ परत घेऊ नका, मी पाया पडते तुमच्या!"

"मंगला, नियम म्हणजे नियम."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! खारीच्या वेळीही हेच केलंत!"

इशिता बिचारी एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिनं टाइप केलं. मी वाचलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसले आणि त्या दिवशी ह्यांना आमटी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रांतचा फोन आला. "बाळा, मी खूप सांगितलं रे त्यांना," मी सुरुवात केली, आणि तो रडत होता. मोठा माणूस, मुसमुसून रडत होता.

"आई, तू वाचलंस का?"

"नाही रे. मला नाही वाचवलं."

"थांब, वाचतो." आणि त्यानं वाचलं. "खुलासा. कोहरा या पात्राचा आवाज माझे चिरंजीव विक्रांत यांचा असल्याचे मला आज समजले. परीक्षकाचा मुलगा स्पर्धेत असल्याने मी आजवर कोहरा यांना दिलेले सर्व गुण, साडेनऊसह, रद्द समजावेत. यापुढे या मालिकेचे परीक्षण मी करणार नाही. कळावे, जयंत."

"बघ," मी म्हटलं. "काही उरलं का?"

"आई, माझं नाव आलंय गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोहऱ्यापुढे माझं नाव आलंय. खाली पोरांनी काय काय लिहिलंय बघ. कोहरा उज्जैनचा आहे म्हणून नाचतायत. स्टुडिओवाल्यांनी वाचलं, मला आता कौतुकाचा फोन येऊन गेला त्यांचा. आणि साडेनऊ दिले तेव्हा त्यांना माहीतही नव्हतं ना? मग ते रद्द कसे होतील?" मग म्हणाला, "यशोधनमामाला नाही म्हणून कळवलंय."

मी खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत राहिले. जयंतराव दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला, आणि मनात म्हटलं, आता नियम सांगू नका हो, एवढी दया करा.

त्यांनी घसा साफ केला. मग एकदम खालच्या आवाजात विचारलं, "विक्रांत, पुढच्या भागात तू हरतोस का रे?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "बाबा, असं आधी सांगत नाहीत."

"मला सांग," हे म्हणाले. "मी आता परीक्षक नाही."