अठराव्या भागाचा शेवट

वाचनालयाच्या पुस्तकाची शेवटची आठ पानं मी वस्तऱ्यानं कापली आणि चुलीत घातली. एका माणसाची भर गावात फजिती व्हावी, एवढ्यासाठी. रागाच्या भरात घडलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. चार दिवस नीट विचार करून मी ती कापली.

लढाईची वर्षं होती. पलूसकडच्या आमच्या गावात पुण्याहून टपालानं एका गमतीदार कादंबरीमालेचे भाग यायचे. कागदाच्या टंचाईमुळे दोन-तीन महिन्यांनी एखादा, तोही पिवळट आणि पातळ. गोष्ट एका मांत्रिकाची. सतरा भाग झाले तरी त्याला एक मंत्र धड येत नव्हता. पाऊस पाडायला गेला की राजवाड्यात बेडूक पडायचे. राजाला तरुण करायला गेला, तर नुसती दाढी तरुण झाली आणि स्वतःचं लग्न ठरवायला निघाली. घोटाळा होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असायचं. कसा होणार, एवढंच ऐकायला माणसं थांबायची. लढाईवरून येणाऱ्या बातम्यांचं तसं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी शिंपीचाचांच्या दुकानासमोर वाचन व्हायचं, अगदी पोथीसारखं. नवा भाग आला की नारळ फुटायचा आणि सुरू केलेला भाग त्याच बैठकीत पुरा व्हायचा. पोथी अर्धी सोडली तर घरात वाईट घडतं, ही समजूत लोकांनी या बेडकांच्या गोष्टीलाही लावली होती. पुढे एक म्हातारा शेतकरी बसायचा. त्याचा एकुलता मुलगा फौजेत होता आणि चार महिने पत्र नव्हतं.

वाचायचो मी. वाचनालय माझ्या ताब्यात होतं, वय बावीस, आणि गावात मॅट्रिक झालेला मीच एकटा. एकदा माझा घसा बसला म्हणून चाचांनी पुस्तक घेतलं. ते अडखळत वाचायचे, पण राजाचा आवाज निराळा, बेडकाचा निराळा, दाढीचा तर फारच निराळा. लोक पोट धरून हसले. पुढच्या बाजारी मी पुस्तकाला हात घातला, तर चाचा म्हणाले, "तू बस रं गड्या. तुज्या तोंडात गेला की मांत्रिकाचाबी तलाठी हुतोय."

"व्हय, व्हय, तलाठी!" म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या दिवसापासून गाव मला तलाठी म्हणू लागलं.

अठरावा भाग आला तेव्हा मी वस्तरा काढला. वाचन मधेच तुटेल, अपशकुन होईल आणि म्हातारा चाचांना जन्मात क्षमा करणार नाही, असा माझा हिशेब होता.

मी मुद्दाम पुढे बसलो. चाचा वाचत वाचत कापलेल्या जागी आले, पान उलटलं, तर मागचा पुठ्ठा. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. कापण्यात जन्म गेलेला माणूस. हत्यार कोणतं ते बोटालाच कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि पुठ्ठ्यावर नजर ठेवून ते पुढे 'वाचू' लागले. राज्यात एक भूत शिरलं. ते वाचनालयात बसायचं आणि पुस्तकांची शेवटची पानं खायचं. भुताचा आवाज हुबेहूब माझा होता.

"लय भारी!" म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "ह्ये भूत म्हंजी आपला तलाठीच की!"

हे पुस्तकात नाही म्हणावं, तर मला कसं कळलं?

तीन महिने मी दात धरून होतो. एकोणिसाव्या भागात भुताचा पत्ता नव्हता. तो आणि पानं कापलेला अठरावा भर बाजारात चाचांसमोर नाचवत मी म्हणालो, "कुठाय भूत? पानं यांनीच चोरली आणि तुम्हाला बनवलं. अठरावा भाग पुरा झालेलाच नाही!" शेवटचं वाक्य मी म्हाताऱ्याकडे बघून म्हणालो. मला फार बरं वाटलं.

"अर्धीच ऱ्हायली व्हय, चाचा?" एवढंच विचारून म्हातारा उठला.

चाचा उठून मशीनवर जाऊन बसले. शिकलेल्या माणसापुढं त्यांचं कुणी ऐकलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. वाचन बंद पडलं. म्हातारा टपालाच्या वेळी वेशीवर उभा राहू लागला. अन्नावरची त्याची वासना उडाली. विसावा भाग मी एकट्यानं वाचला. एकदाही हसू आलं नाही.

लढाई संपली आणि मुलगा धडधाकट परत आला. मला वाटलं, सुटलो. एका दुपारी दुकानात कोणी नाही असं पाहून मी हळूच म्हणालो, "चाचा, चुकलं माझं."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "चोर म्हनलास बाजारात, आन् माफी कानात? असली नगं मला."

मी पुन्हा चिडलो. दोन वर्षं त्यांच्या दुकानावरून गेलो नाही. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. अखेर एका बाजाराच्या दिवशी दुपारी त्याच दुकानासमोर उभा राहिलो. चाचा होते, म्हातारा होता, त्याचा मुलगा होता, निम्मं गाव होतं.

"अठराव्या भागाची पानं मी कापली," मी ओरडून सांगितलं. "तुमचं वाचन मोडून चाचांना तोंडघशी पाडायचं होतं मला. ते मोडू नये म्हणून चाचांनी पदरची गोष्ट रचून भाग पुरा केला. त्यांनी काही चोरलं नाही. चोर मी आहे. चाचा, मला माफ करा."