डब्याला दिलेला नंबर

“मॅडम, दोन-चार बायांचे नंबर लागले, बाकी कुणाचाच लागंना. मायनं मशीन बंद करून ठेवलीय.”

माझी विद्यार्थिनी अश्विनी तिच्या गावाहून, झरीहून, फोनवर बोलत होती. आवाज रडवेला, मागे बायकांचा गलका. तिच्या प्रोजेक्टची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

परभणीच्या एका कॉलेजात मी वेब ॲप्लिकेशन शिकवते. म्हणजे वेगळं काही डाउनलोड न करता मोबाइलच्या ब्राउझरमध्येच चालणारं सॉफ्टवेअर. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक बनवावं लागतं. निम्मा वर्ग कुठून तरी उतरवलेलं ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ आणतो आणि मी दरवर्षी वैतागते. अश्विनीने मात्र आईच्या मिरची कांडायच्या मशीनसाठी नंबर लावायची सोय केली होती. उन्हाळ्यात तिथे झुंबड असते. बायका डबे रांगेत ठेवून ताटकळतात. आता मोबाइलवरून नंबर लावायचा आणि पाळी जवळ आली की यायचं. मला हे इतकं आवडलं की त्यासाठी मी आमच्या विभागप्रमुखांशी, एचओडी सरांशी भांडले. त्यांनी अट घातली, परीक्षेच्या दिवशी ते झरीत खरोखर चालताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पोरगी नापास.

“स्क्रीनवर काय येतंय?”

“‘या मोबाइलवरून आजचा नंबर घेतलेला आहे.’ सारखं हेच यायलंय.”

हा नियम तिनेच घातला होता. एका मोबाइलवरून दिवसाला एकच नंबर. याला व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे आलेली माहिती नियमात बसते का ते तपासणं. कुणी खोटे नंबर अडवून ठेवू नयेत, एवढाच हेतू. पुस्तकातही असंच असतं.

“पण मॅडम, आमच्यात एकजण सगळ्या गल्लीचे डबे घेऊन येतीय. बाकीच्या कामाला जातेत. आमच्या गल्लीची द्वारकामावशी सगळ्यांचे नंबर आपल्याच फोनवरून लावायलीय.”

मागून तिची आई कडाडली, “बंद कर ते तुझं! बाया दुसऱ्या मशीनवर चालल्यात. मी डबे लावते पहिल्यासारखे.”

एचओडी सरांच्या कानावर हे गेलंच. “लायब्ररी मॅनेजमेंट द्या तिला. चालून जातं.”

“बघू, सर,” म्हटलं खरं, पण मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी अश्विनी पहिल्या एसटीने आली. मी म्हटलं, “नियमच काढून टाक.”

“मंग कुणी पण कुणाची पण नावं टाकील.” तिने स्क्रीनवर रांगेची यादी उघडली आणि म्हणाली, “मॅडम, रांगेत बाई कुठं असतीय? डबाच असतोय. मंग मोबाइल कशाला विचारायचा? डब्यावरचं नाव विचारू.”

लग्नात मिळालेला स्टीलचा डबा. त्यावर नाव, गाव, तारीख कोरलेली. पाळी आली की डब्यावरचं नाव स्क्रीनवरच्या नावाशी जुळवायचं. खोटं नाव टाकलं तर त्या नावाचा डबा आणणार कुठून? मी खुर्चीतून उठून तिच्या पाठीवर थाप मारली. तिने डेटाबेसमध्ये ‘युझर’च्या जागी ‘डबा’ लिहिला आणि संध्याकाळच्या गाडीने आईची समजूत घालायला गेली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. स्क्रीनवर झरीची रांग हळूहळू सरकत होती. एचओडी सर माझ्या शेजारी उभे राहून बघत होते.

“तुमचा युझर कोण?” परीक्षकांनी विचारलं.

“डबा, सर.”

त्यांनी चष्मा काढला. तिने सगळं समजावून सांगितलं.

“एकाच नावाचे दोन डबे आले तर?”

“गाव असतंय सर, लग्नाची तारीख पण असतीय.”

“नाव, गाव, तारीख, सगळंच एक निघालं तर?”

“मंग त्या दोघी आपसात बघून घेतील, सर.”

परीक्षक इतके हसले की बाहेरची पोरं आत डोकावली. अश्विनी पास झाली, वर्गात पहिली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. “मॅडम, तुमची मिरची आणा की. नंबर लावा आन् या.”

मी हौसेने मोबाइल उघडला. ‘डब्यावरचं नाव?’ माझ्या स्वयंपाकघरात सगळे प्लास्टिकचे डबे. वेब ॲप्लिकेशन शिकवणारी बाई पहिल्याच रकान्यात अडकली. शेवटी माळ्यावरून आईने दिलेला स्टीलचा डबा काढला, घासला, त्यावरचं नाव टाकलं आणि नंबर लागला.

आता नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी कोड शिकवत नाही. आधी एखाद्या रांगेत उभं राहून या, म्हणते. येताना डबा आणा, हेही सांगते.