मावशीकडे गेलेली मुलगी

मी जैनथ, तेलुगू मुलखाच्या सीमेवरचं आमचं मराठी बोलणारं गाव, सोडलं ते एक खोटं खरं करण्यासाठी. भर दुपारी, मागच्या दाराने निघून ऑटोने भोरज फाट्यापर्यंत, आणि तिथून पांढरकवड्याची बस. सोबत आई होती. तिने मला तोंडाला ओढणी बांधायला लावली होती आणि बस येईपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होती, "कोणी विचारलं त सकाळीच आली मनजो." पिशवी घाईत भरलेली. पांढरकवड्याला उघडून पाहिली तर त्यात कपडे कमी आणि तिचाच परकर निघाला.

झालं होतं असं. इंटरच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बारावीला, मी फिजिक्समध्ये नापास झाले. गल्लीत आणखीही झाले होते, ते चार दिवस रडून मोकळे झाले. मला मात्र काहीच करावंसं वाटेना. जेवण नको, बोलणं नको, अंथरुणातून उठणं नको. एका सकाळी चहा गाळत असलेल्या आईला मी सांगितलं, मला जगायचं नाही. तिने गाळणी खाली ठेवली आणि आधी खिडकी लावली. शेजारच्या काकूंना ऐकू जाईल म्हणून.

गावात तेव्हा मुलींची एक व्हॉलीबॉल टीम होती. ती चालवणारी संस्था हैदराबादची. तरुण पोरापोरींनी जीव देऊ नये म्हणून ते खेळ शिकवतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं, फुकटात नेट आणि बॉल मिळतोय, कशाला सोडा. मी लिफ्टर होते, स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणारी. त्यांचा एक नियम होता. कोणी लागोपाठ काही दिवस ग्राउंडवर आली नाही की अख्खी टीम तिच्या घरी जाणार, आणि जाताना हातात बॉल न्यायचा. का आली नाहीस, असं विचारायचं नाही. फक्त खेळायला चल म्हणायचं. बॉल अशासाठी, की घरच्यांना धसका बसू नये.

मी आईला ते सांगितलं त्याच दिवशी टीमच्या पोरी आल्या. मी पडद्याआड उभी होते. आई दारातच म्हणाली, "नाई ना घरी. मावशीकडे गेली, पांढरकवड्याले." माझे खेळायचे बूट तिच्या पायाशीच पडलेले होते. पोरींनी ते पाहिले, एकमेकींकडे पाहिलं. "बरं काकू, आमी सायंकाळी येतो पुन्हा," म्हणून त्या गेल्या, आणि आईची पाचावर धारण बसली. सायंकाळच्या आत मला खरंच मावशीकडे पोचवणं भाग होतं. खोटं पकडलं जाऊ नये म्हणून आजारी पोरीला बसमध्ये घालणारी माणसं आमचीच.

मावशीला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. पण तिने माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं असावं. तिने मला बोलतं केलं, यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या वेळेवर दिल्या आणि कितीतरी दिवस मला एकटीला सोडलं नाही. "तुयी माय खोटं बोलली," ती म्हणायची, "पन पाठवलं बरोबर जागी." मी बरी झाले ती तिथे, हळूहळू.

इकडे जैनथमध्ये वेगळंच शिजलं. वयात आलेली मुलगी एकाएकी मावशीकडे जाते आणि परत येत नाही म्हटल्यावर लोकांनी आपापल्या अकलेने अर्थ लावला. कोणी म्हणे पळाली, कोणी म्हणे पळवली. एकाने तर मुलगा कोण तेही ठरवून टाकलं. त्या बिचाऱ्याशी मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. बाबांचं किराण्याचं दुकान, त्यामुळे हे सगळं त्यांच्याच समोर, साखर बांधून घेता घेता चालायचं. बाबा पुड्या बांधत राहायचे. मला भेटायला आले तेव्हा मी विचारलं, खरं का नाही सांगत? ते चप्पल घालता घालता म्हणाले, "पळाली मनतात त मनू दे. ते विसरतात लोकं. हे नाई विसरत."

बाबांनी दोन्ही बदनाम्या तोलून त्यातली हलकी निवडली होती. ज्या दुखण्यातून मी जिवंत बाहेर आले, ते पळून जाण्याहूनही वाईट ठरलं. त्या दिवशी वाटलेली लाज अजून अंगावरून उतरलेली नाही. मी आजारी पडल्याची लाज, आणि त्याची लाज वाटते याचीही.

म्हणून मी जैनथला परतलेच नाही. मावशीकडून थेट हैदराबाद. तिथे डिग्री, मग बीपीएड, मग त्याच संस्थेत कोच. आता बस्तीतल्या, म्हणजे झोपडपट्टीतल्या, मुली मला अक्का म्हणतात. सकाळी टिफिन सेंटरची इडली, दुपारी पप्पू-भात म्हणजे तिकडचा वरण-भात, भाकरी कधी मिळाली तर मिळाली. खेळ संपला की सगळ्यांनी गोल बसायचं, त्याला आम्ही सर्कल म्हणतो. त्यात आधी कोचने स्वतःचं सांगायचं, म्हणजे मुलींची भीड चेपते. मी सांगते. "चनिपोवालनिपिंचिंदि," मरून जावंसं वाटलं होतं. तेलुगूत हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता आवाजही हलत नाही. मराठीत मात्र ते आपणहून एकदाच, त्या सकाळी, चहा गाळणाऱ्या बाईला.

यंदा संस्थेने मला जैनथला पाठवलं, टीम पुन्हा उभी करायला. मी सबबी शोधल्या, एकही टिकली नाही. बसमधून पाय खाली ठेवते न ठेवते तोच एका म्हातारीने विचारलं, "जावई नाई आनला?"

पहिले काही दिवस मी नुसता खेळ घेतला आणि सर्कल टाळलं. मग एका सायंकाळी पोरी आपणहूनच गोल करून बसल्या. नेमकी तेव्हाच आई त्यांच्यासाठी ताक घेऊन आली आणि नेटच्या खांबापाशी थांबली. मी तेलुगूत सुरुवात केली. एक पोरगी म्हणाली, "ताई, मराठीत सांगा ना, घरच्यासारखं." मी म्हणाले, तुमच्याएवढी होते तेव्हा मला बरं नव्हतं. "काय झालं होतं? ताप?" हो, तसंच काहीतरी, मी म्हणाले. दुसऱ्यांना बोला, लपवू नका म्हणून सांगत फिरणारी मी, माझ्याच गावात तापावर येऊन थांबले.

आईने ताकाची बादली खाली ठेवली. "ताप नव्हता, बाई. हे मने, मले जगाचं नाई. अन मीनं साऱ्याईले सांगतलं, मावशीकडे गेली मनून."

मग तीच पोरगी म्हणाली, "काऊन असं सांगतलं, काकू?"

"लाज वाटली."

"मंग आता?"

"आताई वाटून राह्यली," आई म्हणाली. "पन सांगून राह्यली."

त्यानंतर कडेला बसलेली एक मुलगी उठली आणि आईजवळ जाऊन बसली. तिच्याशी मी पुढे बोलले, तिच्या घरीही गेले. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

आम्ही दुकानावर पोचण्याआधीच बातमी पोचली होती. तेल घ्यायला आलेल्या माणसाने बाबांना विचारलं, ग्राउंडवर तुमची बायको काय बोलली म्हणे? बाबांनी मान वर केली नाही. "आयकलं ते खरं हाय," एवढंच म्हणाले. मापातलं तेल थोडं बाहेर सांडलं.

तुमच्यापैकी कोणी अशीच मावशीकडे, आत्याकडे, शिकायला म्हणून गेली असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे. आणि जिने दारात उभं राहून तसं सांगितलं असेल, तिच्यासाठीही. हैदराबादेत मला कशाचीच लाज वाटत नाही, म्हणून इतकी वर्षं मला तेच घर वाटत होतं. आता कळतं की तिथे मला कोणी ओळखतच नव्हतं. घर जैनथच आहे, आणि तिथे चारचौघांत ते वाक्य माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही, आईने काढलं. काम आटोपून मी हैदराबादला परतले आहे, पण दिवाळीला पुन्हा जैनथला जाणार आहे. या खेपेला बाबांसमोर मीच बोलणार आहे, मराठीत, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना.