व्रतातली सोळावी टेस्ट

सांगते, सगळं सांगते, पण आधी तुमचे कप हातात घ्या. हा किस्सा माझ्या बिनचहाच्या दिवसांतला आहे आणि तो सांगताना अजूनही माझा घसा कोरडा पडतो. वेंधळेपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादात साखरेऐवजी मीठ घातलं, तेही लोकांनी मुकाट्याने खाल्लं. पण त्या दुपारी अडीच तास बसून, मन लावून, देवाचं नाव घेत जो घोळ मी घातला, तसा घोळ पुन्हा होणे नाही!

आमची पूर्वा तेव्हा बी.कॉम. झाली होती आणि तिला एमबीए करायचं होतं. भिवंडीत निजामपुऱ्याच्या टोकाला आमचं घर, क्लास ठाण्याला. घरात नुकतं टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलेलं. मला तर ती तार बघूनच हात जोडावेसे वाटायचे.

तर त्या क्लासवाल्यांनी इंटरनेटवर सरावाच्या टेस्ट ठेवल्या होत्या. एक दिवसाआड एक. सकाळी उघडायची, संध्याकाळी सहाला बंद. एकदाच देता यायची. आणि किती टेस्ट म्हणता? एकवीस!

आता मला सांगा, एकवीस हा आकडा कोणाचा? क्लासवाल्यांनी तो कुठून काढला कोण जाणे, मला मात्र तो थेट गणपतीकडून आल्यासारखा वाटला. मी त्याच दिवशी संकल्प सोडला. पूर्वाच्या एकवीस टेस्ट अखंड पार पडेपर्यंत चहा बंद!

"आई, हे व्रत नाही गं, सराव आहे," पूर्वा म्हणाली.

"सराव तुझा, व्रत माझं. तू तुझं बघ."

पण गंमत बाजूला ठेवा. तिच्यासाठी त्या टेस्टना फार मोल होतं. एकवीस टेस्टची सरासरी काढून पहिल्या दहा मुलांची वेगळी बॅच होणार होती आणि तिला मोठे सर स्वतः शिकवणार होते. पूर्वा कधी आठवी, कधी नववी. म्हणजे दारात उभी, पण आत पाय टाकला की नाही ते कळत नाही, अशी. जी टेस्ट चुकेल तिचे शून्य गुण. एक शून्य पडलं की गेली दहांतून बाहेर!

पंधरा टेस्ट झाल्या. सोळावीच्या दिवशी पोरगी तापाने फणफणली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, झोपू द्या, उठवू नका. दुपारी अडीचला मी कपाळावर पट्टी ठेवली तर ती डोळे न उघडताच पुटपुटली, "आई... टेस्ट..." आणि पुन्हा झोपली.

पंधरा टेस्टची मेहनत, पंधरा टेस्टचं माझं चहावाचून डोकं दुखणं, सगळं पाण्यात? खंड पडणार?

आणि तेव्हा मला एकदम सुचलं! बायकांनो, तुम्हीच सांगा, व्रत चालू असताना आपल्याला अडचण आली तर काय करतो? जावेला सांगतो, लेकीला सांगतो, "बाई, आजची पूजा माझ्या नावाने तू कर." व्रत मोडतं का? नाही! पूजा दुसऱ्याच्या हातची, पुण्य आपलं. मग पूर्वाला अडचण आली, तर पूर्वाच्या नावाने टेस्ट घरातल्या दुसऱ्या कोणी द्यायची? मीच की!

मी हातपाय धुतले. देवापुढे निरांजन लावलं. मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. पासवर्ड पूर्वाने कागदावर लिहून तिथेच चिकटवला होता. आमच्याकडे तेव्हा विजेचा काही भरवसा नसायचा, म्हणून शेवटी हात जोडून गणपतीला एक नारळ कबूल केला, "बाप्पा, अडीच तास लाईट तेवढी जाऊ देऊ नकोस."

आणि बसले!

पंचाहत्तर प्रश्न. सगळं इंग्रजी. मी बारावी झालेली, पूर्वाच्या शाळेच्या वह्या तपासून तपासून इंग्रजी वाचता यायला लागलं होतं, अर्थ मात्र निम्मा लागायचा. पण एक गोष्ट मी ठरवली होती, प्रश्न एकही रिकामा ठेवायचा नाही. दारी आलेल्या सवाष्णीची ओटी आपण रिकामी पाठवतो का? मग प्रश्नाला तरी का पाठवायचं? डोळे मिटायचे, "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं, माऊस फिरवायचा आणि बाण जिथे थांबेल तिथे टिचकी. भराभर ओट्या भरत सुटले!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या नसीम भाभी आल्या. मागच्या शेडमध्ये त्यांचे कापड विणायचे लूम चालायचे. पूर्वासाठी त्यांनी जोशांद्याचा काढा आणला होता.

"ये क्या कर रही हो, भाभी?"

"पूर्वाको ताप आया ना, तो उसका टेस्ट मैं दे रही."

"आपको आता है?"

"उसमें आने का क्या है? श्रद्धा होनी मंगता."

भाभींना ते एकदम पटलं. खुर्ची ओढून त्या बाजूला बसल्या. आणि नेमका तेव्हाच पडद्यावर आला तो प्रश्न!

आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत. ए-ला बी-च्या शेजारी बसायचं नाही. सी-च्या बरोबर समोर डी. ई आणि एफ यांना एकमेकांजवळच बसायचंय. जी-च्या डाव्या हाताला एच चालत नाही. तर कोण कुठे बसलंय?

मी डोळे मिटायला गेले आणि थांबले. अहो, हे तर माझंच काम! पंचवीस वर्षं मी या घरात पंगती बसवतेय!

"भाभी, ए म्हणजे माझी थोरली जाऊ!"

"और बी तुम्हारी शेलार गाँववाली ननद! दोनों की बातचीत बंद है ना?"

"तर! पिछले साल श्रीखंड के ऊपर से झगड़ी थी."

"हमारे यहाँ भी शादी में यही होता है, भाभी. पहले इन दोनों को दूर बिठाओ, बाकी सब अल्लाह मालिक!"

आम्ही स्वयंपाकघरातून आठ वाट्या आणल्या आणि जमिनीवर गोल मांडल्या. ही जाऊ, ती नणंद, हे समोरासमोर बसून राजकारण बोलणारे दोघे मेव्हणे. भाभी एक वाटी सरकवायच्या, मी दुसरी. "नहीं नहीं, एच उधर नहीं चलेगा, जी नाराज होएगी!" तब्बल चाळीस मिनिटं! पण शेवटी आठही माणसं अशी बसली की कोणाचा कोणाला राग नाही. त्यावरच्या चारही प्रश्नांची उत्तरं मी डोळे सताड उघडे ठेवून दिली. काय तो आनंद! मला वाटलं, मीच एमबीए करावं.

मध्ये एकदा चुलीवर... म्हणजे गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, तेव्हा तेवढी उठले. बाकी पंचाहत्तरच्या पंचाहत्तर ओट्या भरल्या. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली. आणि ऐका, पूर्ण वेळ मागच्या लूमची खटखट एकदाही थांबली नाही. आमच्याकडे लाईट गेली हे दिव्यावरून नाही, त्या आवाजावरून कळतं. भिवंडीत भरदुपारी अडीच तास अखंड वीज! याहून मोठा कौल कोणता हवा? मी त्याच संध्याकाळी नारळ फोडला आणि शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. पूर्वा उठून कॉम्प्युटरपुढे बसली आणि किंचाळली.

"आई! ही टेस्ट दिलेली दाखवतंय! मी तापात उठले होते का?"

आता दुसऱ्याच्या नावाने केलेल्या पूजेचा गवगवा करायचा नसतो. म्हणून मेथी निवडता निवडता मी एवढंच म्हटलं, "झाली ना टेस्ट? मग झालं तर."

"झालं काय? पंधरा बरोबर, साठ चूक! उणे पाच आलेत!"

"उणे? असे कसे उणे?"

"तीन चुकले की एक गुण कापतात, आई!"

माझ्या हातातली जुडीच खाली पडली. देणाऱ्याचे गुण कापून घेतात? ही कुठली रीत? मी शून्य टाळायला बसले होते आणि शून्याच्या खाली जाऊन पोहोचले होते! मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमचे हे आंघोळ करून बाहेर आले.

"तापात उठून टेस्ट दिली आणि हिला आठवत नाही? ताप डोक्यात गेलेला दिसतोय."

"अहो, ऐका ना..."

"तू मध्ये बोलू नकोस. हे परीक्षेचं आहे." आणि त्यांनी थेट सरांना फोन लावला. सरांनी शनिवारी बोलावलं.

मग मात्र माझी जीभच उचलेना. त्यात पूर्वा घाबरलेली. "बाबा, जो गोल टेबलाचा प्रश्न मला कधीच जमत नाही, तेवढाच चारही बरोबर कसा? मला काय होतंय?" मधे सतरावी टेस्ट आली, तर येत असलेले प्रश्नसुद्धा तिने सोडून दिले. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायचं ठरवलं, पण कसं सांगू? तुझ्या डोक्यात काही झालेलं नाही बाळा, ते डोकं माझं होतं?

शनिवारी ठाण्याला गेलो. सर अगदी तरुण, गळ्यात टाय. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "मला नको, माझं व्रत आहे." समोर वाफाळते चार कप. माझी परीक्षा तर तिथेच सुरू झाली.

सरांनी कागद पुढे केला. "काका, हे बघा. एक ते पंचाहत्तर, ओळीने, एकही प्रश्न सोडलेला नाही. शंभरात एखादं पोर असं वागतं, आणि तेही पार घाबरलेलं असलं तर. एका गोल टेबलावर चाळीस मिनिटं! बाकीचे प्रश्न वाचलेलेसुद्धा दिसत नाहीत. मला वाटतं, हिला ताण झेपत नाहीये. खास बॅचचा ताण तर याच्या दुप्पट असतो. या वर्षी हिने थांबावं."

पूर्वाची मान खाली गेली.

"आणि हे बघा," सर कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मध्येच सतरा मिनिटं काहीच हालचाल नाही. एवढा वेळ ही मुलगी होती कुठे?"

"दूध उतू गेलं होतं हो सर!" माझ्या तोंडून निघून गेलं. "सगळा ओटा पुसावा लागला!"

ह्यांचा कप ओठांपाशीच थांबला.

"आई?" पूर्वा म्हणाली.

मग सगळंच सांगितलं. व्रत, अडचण, ओट्या, माऊस, जाऊबाई, नणंद, नसीम भाभी. माझं होईपर्यंत ह्यांनी तोंड रुमालात लपवलं होतं. हसत होते की लाजत होते, अजून कबूल करत नाहीत. पूर्वा आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली.

सर गंभीरच. "काकू, दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देतात का? सरावाची होती म्हणून निभावलं."

"चुकले हो सर. काय शिक्षा करायची ती मला करा, पोरीला नको."

सरांनी कागद पुन्हा उचलला. मग म्हणाले, "पण हे चार बरोबर कसे आले? तो प्रश्न माझ्या निम्म्या वर्गाला येत नाही."

मी टेबलावरचे कप पुढे ओढले. चार कप आणि पाण्याचे चार पेले, झाली आठ माणसं. "सर, मुलं काय करतात, सरळ ए-पासून बसवायला लागतात. तसं नाही करायचं. ज्यांचं पटत नाही, त्यांना आधी बसवायचं. ज्यांची जागा पक्की, ते त्यांच्यानंतर. गोड स्वभावाची माणसं शेवटी, ती कुठेही बसतात."

सरांनी ते खरंच वहीत लिहून घेतलं! पूर्वाची सोळावी त्यांनी पुन्हा उघडून दिली आणि तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, तिने ती सोडवली. पुढे पूर्वा त्या दहांत आली. दहावी आली, पण आली. आणि मी एकविसाव्या टेस्टनंतर जो पहिला कप प्यायले ना, तशी चव पुन्हा कधी लागली नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या शनिवारी परतीच्या एसटीत मी अगदी फुलून गेले होते. सरांनी वहीत लिहून घेतलं म्हणजे काय! पूर्वाला कोपराने ढोसून विचारलं, "काय गं, त्या टेस्टमध्ये माझा नंबर कितवा होता?"

"नको आई."

"अगं सांग की. पंधरा बरोबर आलेत माझे!"

"सगळ्यात शेवटचा."

"असू दे. कोणीतरी शेवटी लागतंच. माझ्या वर कोण होतं?"

ती खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. "एक मुलगा. त्याने टेस्ट उघडली आणि लगेच त्याच्याकडची लाईट गेली. एकही प्रश्न सोडवला नाही. शून्य गुण. तो तुझ्या वर."

आता बोला! माझी वीज गेली असती तर माझा नंबर वर चढला असता. आणि ती जाऊ नये म्हणून, मी स्वतः, हात जोडून, बाप्पाला नारळ दिला होता!