पुढच्या सीटवरचे जनूकाका

जनूकाका सायकल चालवताना सतत बोलत. खड्डा, गतिरोधक, उलट्या बाजूने येणारी रिक्षा, रस्त्यात बसलेली गाय, सगळं आधी तोंडाने सांगत आणि मग हँडल वळवत. मी मागच्या सीटवर असे. मला जन्मापासून दिसत नाही; रोडपालीचे रस्ते मला माहीत आहेत ते त्यांच्या आवाजात. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

सायकल माझ्या भावाची. दोन सीटची, पेडल दोघांनी मारायचं, हँडल फक्त पुढच्याच्या हातात. माझ्यासाठीच त्याने ती जुनी विकत आणली होती. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि सायकल आमच्या इमारतीखाली उभी राहिली. बँकेतून आल्यावर मी कधीकधी तिच्या मागच्या सीटवर बसून, स्टँडवरच पेडल मारत राही. एका संध्याकाळी कोणीतरी जवळ येऊन थांबलं.

"कुठं चाललाय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मग पुढं कोनतरी बसाय पायजे."

आवाज बराच वरून आला. काका सव्वासहा फूट उंच होते. मूळचे गव्हाणचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. न्हावा शेवा बंदरातून कंटेनरचे ट्रेलर नेण्यात त्यांची उमर गेली होती आणि आता ते तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायला आले होते.

मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधून त्यांनी आठवडाभर सराव केला. मग मला घेऊन निघाले आणि फाटकापाशीच आम्ही दोघं आडवे झालो. वळण येतंय हे मला कळलंच नव्हतं, मी भलत्याच बाजूला झुकले होते. माझं कोपर सोलवटलं. काका मला उठवत म्हणाले, "चूक माझी. मी कंटेनर नेल्यासारखा बसलो. मागं मानूस हाय, तर त्याला सांगाय पायजे."

त्या दिवसापासून ते बोलू लागले, आणि नऊ वर्षं दर रविवारी सकाळी बोलत राहिले. नुसते धोकेच नव्हे. चौथ्या मजल्यावर पिवळी साडी वाळतेय, खाडीच्या कडेला बगळे सभा भरल्यासारखे उभे आहेत, हेही मला कळे. इतकं सांगायची गरज नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मला दिसतं त्यातलं निम्मं तुमचं हाय." मला आयुष्यभर सगळ्यांनी सावकाश चालायला सांगितलं. काकांनी मला घाम फुटेपर्यंत वेगात नेलं. पोटऱ्या दुखण्यातही सुख असतं, हे मला पस्तिशीत कळलं.

दोन वर्षांपूर्वी मागच्या सीटखालच्या सांध्याला तडा गेला. कळंबोलीच्या सायकलवाल्याने पाहिलं आणि सांगितलं की नवा पाइप घालून सांगाडा जोडता येईल, पण चाकं, चेन, ब्रेक सगळंच बदलावं लागेल. त्यापेक्षा नवी घेतलेली बरी. मी लगेच म्हटलं, जोडा. काका म्हणाले, नवी घ्या.

मी हट्टाला पेटले. भावाने आणलेली सायकल आहे, म्हटलं. हिचा आवाज माझ्या ओळखीचा आहे, म्हटलं. काकांनी एवढंच सांगितलं की नव्या सायकलीची पुढची सीट वरखाली करता येते. आमच्या सायकलीची येत नसे. पहिल्याच वर्षी काकांनी आपल्या उंचीप्रमाणे सीटचा पाइप वाढवून तो वेल्डिंगने पक्का करून घेतला होता. दुसऱ्या कोणाचे पाय पेडलला टेकलेच नसते.

म्हणजे ते पुढे दुसऱ्या कोणाला बसवायचं म्हणत होते. मला रडू आलं आणि त्याचा राग झाला. "सरळ सांगा ना, तुम्हाला नको झालंय," मी म्हटलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "गेल्या रविवारी खड्डा गेल्यावर मी खड्डा बोललो. त्याच्या आदल्या रविवारी पन. तुमच्या ध्यानात आलं ना?"

आलं होतं. गेले दोन महिने येत होतं.

"मग बोलला का नाय?"

बोलले असते तर आमचे रविवार संपले असते, म्हणून नव्हते बोलले. पडायची माझी तयारी होती. मला पाडायची त्यांची नव्हती.

"सायकल जोडून मिळंल, बाय," ते म्हणाले. "माझी नजर नाय मिळायची."

नवी सायकल आली. बँकेत माझ्या शेजारी बसणारी प्राजक्ता पुढे बसायला तयार झाली, पण ती मुलखाची अबोल. तिला शिकवायला काका स्वतः मागच्या सीटवर बसले, डोळे मिटून. मी फाटकापाशी उभी राहून ऐकत होते. "सांग, पोरी. मला दिसत नाय." प्राजक्ता चाचरत सांगू लागली. इमारतीभोवती दोन फेऱ्या झाल्या. काका उतरले आणि भिंतीला टेकले.

मग माझ्याजवळ आले. "नऊ वर्षं तुमी असं बसलात?"

"हो."

"माझ्या एकट्याच्या भरवशावर?"

"हो, काका."

"मला नसतं जमलं," ते म्हणाले.

मी त्यांचा हात शोधला. नऊ वर्षांत राहून गेलेलं बरंच काही मला तेव्हा सांगायचं होतं, पण काका हात सोडवून प्राजक्ताकडे वळले. तिची सीट त्यांना अजून दोन बोटं खाली घ्यायची होती.