मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

१४ मार्च १९८३, सोमवार. कुर्ल्याच्या एका खासगी रक्तपेढीत धाकू परबाला एका बाटलीचे पंचेचाळीस रुपये मिळाले. वहीत त्याने नाव लिहिलं, शिवदास राणे. पाच महिन्यांतली ही सहावी बाटली. एकदा रक्त दिलं की तीन महिने थांबावं, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. म्हणून त्याने घाटकोपर, कुर्ला, मालाड अशा तीन पेढ्या आळीपाळीने लावल्या होत्या आणि दर खेपेला नाव बदललं होतं.

एकोणीस वर्षं त्याने गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. संपाला चौदा महिने झाले होते. असल्फ्याच्या टेकडीवरच्या खोलीत त्याच्या बायकोला, मालनला, आठवा महिना होता. डॉक्टरणीने तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि सांगितलं, बाईच्या अंगात रक्त नाही, दूध-अंडी द्या. धाकू रोज दूध-अंडी आणू लागला. गोदामात हमाली करतो, असं त्याने तिला सांगितलं होतं.

"तुमचा तोंड पांढराफटक पडलाहा," मालन म्हणे. "अर्धा अंडा तुमी खावा."

"माका नको. माझ्या अंगात बैलाचा रगात आसा."

पेढीची वाट दाखवणारा लवू गाववालाच, साचेखात्यातला. त्याला धाकूने एकदा विचारलं, "चक्कर येता रे. काय होवचा नाय मा?"

"बावीतला पाणी उपसला काय झरो वाढता. गुळाचा पाणी पी, दोन दिवसांत भरतला," लवू म्हणाला. "गिरणीत मालकान फुकट शोषल्यान. हयसर निदान रोकडे मिळतत."

९ एप्रिलला सकाळी मालन रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी झाली, पण आईचं रक्त थांबेना. दुपारी डॉक्टरांनी दोन बाटल्यांची चिठ्ठी दिली. रुग्णालयाच्या पेढीत तिच्या गटाच्या दोनच बाटल्या होत्या आणि नातेवाइकाने बाटली द्यावी मग न्यावी, असा नियम होता. धाकूने बाही वर केली.

तिथे रक्त तपासणाऱ्या मृणालिनीबाईंनी त्याचं बोट टोचलं आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. खासगी पेढ्यांतही असा ग्लास असे, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. इथे बाई बघत राहिल्या. थेंब तरंगत होता.

"चांगलं रक्त बुडतं," त्या म्हणाल्या. "शेवटचं कधी दिलं होतंस?"

त्याने सगळं सांगितलं, तिन्ही पेढ्यांसकट. मग म्हणाला, "पण बाई, ते दोन दिवसांत भरतं ना?"

"पाणी भरतं रे. रक्तात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. लाल पेशी हाडांच्या आत तयार होतात, एका बाटलीच्या भरायला दोन-दोन महिने जातात. श्वासातली हवा अंगभर त्याच नेतात. तुझ्यात आता तुझ्यापुरत्याही नाहीत."

निरोप मिळताच लवू धावत आला. त्याचाही थेंब तरंगला. त्याच्याबरोबर आलेले दोन संपकरी बोट टोचायच्या आधीच मागे सरले. तेही त्याच पेढ्यांची वाट तुडवणारे होते.

शेवटी बाईंनी उसनवारीच्या कागदावर धाकूची सही घेतली, या खेपेस खऱ्या नावाने, आणि एक बाटली दिली. दुसरी ऑपरेशनच्या पेशंटसाठी राखायची होती. साडेतीनला मालनला रक्त लावलं. तिला धाप लागली होती, नखं पांढरी पडली होती. धाकू तिचा पाय चोळत बसला. पाय गार होता आणि गारच राहिला. पावणेपाचला ती गेली तेव्हा बाटलीत चार बोटं रक्त शिल्लक होतं. दुसरी बाटली असती तर काय झालं असतं, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नाही.

मुलीला त्याची बहीण गावी घेऊन गेली. धाकू जुलैत उसनी बाटली फेडायला रुग्णालयाच्या पेढीत गेला, थेंब तरंगला. ऑक्टोबरात पुन्हा गेला. तेव्हा तो एका वेळेलाच जेवत होता. थेंब अर्ध्यापर्यंत गेला आणि वर आला.

पेढीची एक बाटली अजून त्याच्याकडून येणं आहे.