भाड्याच्या घरात मरता येत नाही

माझा बाप सालदार होता. वर्षाच्या बोलीवर एका मालकाच्या शेतात राबायचं, पाडव्याला साल संपलं की दुसरा मालक बघायचा. त्याच दिवशी तेलुगू लोकांची उगादी असते. गावात गोडधोड शिजत असायचं आणि आमची माय चूल उचलत असायची. चूल मातीचीच, पण ती डोक्यावर घेऊन निघायची, कारण पुढच्या मालकाच्या गोठ्याशेजारी खोली मिळेल, चूल मिळेलच असं नाही. आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याच्या आसपासच्या किती गावांत मी लहानपणी झोपले, ते मला सांगता येणार नाही. पावसाळ्यात गोठा गळायला लागला की मालक म्हणायचा, बैल आत घ्या. मग आम्ही सरकून बैलांना जागा करून द्यायचो. त्याची खोली, त्याचे बैल. आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बैलांच्या अंगाची ऊब मिळायची.

पुढं मी वसतिगृहात राहून शिकले. कॉलेजचं तोंड पाहणारी आमच्या खानदानात मी पहिली. हे मी कुठंही सांगते. लोक म्हणतात, बाई फार मिरवते. मिरवणारच. मी सरकारी शाळेत शिक्षिका झाले, ऑफिसात क्लर्क असलेल्या माणसाशी लग्न केलं, आणि बाप गेल्यावर मायला आदिलाबादेत माझ्याजवळ आणलं.

आदिलाबादेत आम्ही ज्या पोर्शनमध्ये भाड्यानं राहायचो, त्याची घरमालकीण पुढच्या भागात एकटी राहायची. तेलुगू बाई, सगळे तिला अम्मा म्हणत. ती मायला अक्का म्हणायची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण दुपारभर ओसरीवर बसून दोघी बोलायच्या. एक तेलुगूत, एक आमच्या बोलीत. काय कळायचं त्यांना, देव जाणे. देव जाणे म्हणायची आपली सवय. आम्ही बौद्ध. आमच्या आज्यानं देव ओढ्यात सोडले, त्यांच्याबरोबर मुहूर्त आणि नक्षत्रंही गेली.

घर घ्यायचं की भाड्यानंच राहायचं, हा वाद तेव्हा आमच्याकडे जेवणासारखा रोजचा होता. नवरा म्हणायचा, "तुझी बदली आज होते की उद्या. घर काय पाठीवर घेऊन जाशील?" पटायचं. स्टाफरूममध्ये कोणी म्हणायचं, "मॅडम, भाडं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा हप्ता." तेही पटायचं. मी मुलांना गणित शिकवते. कागद-पेन घेऊन बसले की एका दिवशी भाडं फायद्याचं निघायचं, दुसऱ्या दिवशी कर्ज. दोन्ही उत्तरं बरोबर. वर आणखी एक गंमत. मी घेऊ म्हटलं की नवऱ्याला नको असायचं, आणि तो एखाद्या दिवशी उठून "चल, घेऊन टाकू" म्हणाला की मीच बदलीचं नाव काढायचे.

मायला विचारलं तर ती म्हणायची, "मले काऊन इचारतं? शिकली तू."

मग आमच्या गल्लीत एक म्हातारे गेले. ते भाडेकरूच होते. दवाखान्यात प्राण गेला, गाडी मयत घेऊन घरापाशी आली, आणि घरमालकानं फाटक उघडलं नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. तो हात जोडून उभा होता. भाड्याच्या घरात मयत आणायची नाही, ही इकडची रीत. घरच्या लोकांनी रस्त्यावरच शामियाना टाकला, शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढून बर्फाची पेटी लावली. पोरी परगावाहून येईपर्यंत म्हातारा रस्त्यावर राहिला. बाजूनं ऑटो हॉर्न वाजवत जात होते.

माय आणि मी जाऊन बसलो. घरी आल्यावर माय पाणी पिऊन म्हणाली, "पोरी, मी दुखण्यात पडली तं मले आधीच भायेर काढजो. बाजेवर. म्हंजे त्या बाईले तरास नाही."

ती हे रागानं म्हणाली नाही. मीठ संपलंय, आणजो, अशा आवाजात म्हणाली. तेव्हापासून मला भाडं आणि हप्ता दिसेनासे झाले. तिला खोकला आला की मी फाटकाकडे बघायचे.

मला आडून बोलता येत नाही. एका सकाळी अम्मा अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. मी समोर बसले आणि विचारलं, "अम्मा, माझी माय उद्या इथं गेली, तर तुम्ही तिला घरात ठेवू द्याल का?"

"अय्यो टीचरम्मा! शुक्रवारच्या शुभ दिवशी काय बोलते तू? अक्काला काय झालं?"

"काही नाही झालं. झालं तर?"

तिनं हातातल्या मिरचीचा देठ खुडून टाकला. मग तिच्या बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "तुला खोटं नाही बोलणार. अगोदर दवाखान्यात न्यायचं. तिथून सीधा गावाला."

"गावात आमचं काही नाही, अम्मा."

"मरणाचं नक्षत्र खराब निघालं तर घर महिनोन् महिने बंद ठेवायला लागतं. मी कुठं जाऊ? माझी सून परत पाय नाही ठेवणार." आणि मिरचीच्याच हातानं तिनं डोळे पुसले. झालं, दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या. मी तांब्या घेऊन धावले. "अक्का माझी बहीणच आहे," असं म्हणत ती डोळ्यांवर पाणी मारत होती आणि मी ओतत होते. रडणं कुठलं आणि मिरची कुठली, मला कळेना. त्या दिवशी तिच्याकडून नेहमीपेक्षा मोठा डबा पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, आला. मला रागही धड आला नाही.

आम्ही घरं बघायला लागलो. मायला बरोबर न्यायचो, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. ते चुकलंच. एका अपार्टमेंटमध्ये एजंट टाइल्स दाखवत होता, बाल्कनी दाखवत होता. माय जिन्यापाशी उभी राहून वळण बघत होती.

"बापू, इथून तिरडी वयते का?"

एजंटला वाटलं, फ्रिजबद्दल विचारतेय. "आजी, डबल डोअरसुद्धा आरामात येतो."

"येते, येते. जाते का ते सांग."

त्या एजंटानं पुन्हा आमचा फोन उचलला नाही. नवरा हसून हसून बेजार झाला. मी घरी येऊन मायवर ओरडले आणि मग मलाच रडू आलं. तिच्या मरणासाठी घर शोधून राहिलो आपण, हे मी मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. ती जिन्यावर उभी राहून उच्चारत होती.

दुसऱ्या एजंटानं एक स्लॅबचं घर दाखवलं. तीन खोल्या, मागं कडूनिंब, पुढं मोठं दार, आणि आमच्या ऐपतीत. ऐपतीत का, ते विचारलं तर तो कुलपाशी झटापट करत राहिला. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. घराचं तोंड दक्षिणेला. आणि मालकाचा बाप याच घरात वाईट नक्षत्रावर गेलेला. मालक घर बंद करून बेल्लमपल्लीला नोकरीच्या गावी राहायला गेला तो परतलाच नाही. इथं कोणी घ्यायला तयार नाही. "पण मॅडम," एजंट म्हणाला, "तुमचे लोक हे काही मानत नाहीत म्हणून तुमच्याकडे आलो."

आम्ही मानत नाही, खरं आहे. मी वर्गात ग्रहणाबद्दल मुलांना ताठ मानेनं सांगते. पण त्या बंद खोलीत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नक्षत्राची भीती होती की कोंदट वासाची, मला आजही सांगता यायचं नाही. नवरा कानाशी म्हणाला, "आपण मानत नाही, पण उद्या विकायची वेळ आली तर घेणारा मानणारच असेल ना?" हे त्याचं चूक नव्हतं.

माय मधल्या खोलीत गेली होती. "कोणत्या खोलीत गेला बुढा?" तिनं विचारलं.

एजंटानं नाइलाजानं बोट दाखवलं. तीच खोली.

माय भिंतीला पाठ लावून तिथंच खाली बसली. फरशीवरून हात फिरवला, हाताला लागलेली धूळ पाहिली. मग म्हणाली, "मंग बरं हाय. या घराले सवय हाय."

एजंट आधी हसला, मग आपण कुठं हसलो म्हणून घाबरला.

एवढ्यानं माझा निर्णय झाला असं वाटेल. नाही झाला. बँकेच्या दारातून मी एकदा परत आले. बदलीची यादी लागणार असं कोणी म्हणालं की घर नको वाटायचं, माय दम खात जिना चढली की हवं वाटायचं. आमच्या जुन्या घराला जिना चारच पायऱ्यांचा, पण ती तिथंही थांबायला लागली होती. सही केली तेव्हासुद्धा मी नवऱ्याला विचारलं, "चुकत तर नाही ना आपण?" तो म्हणाला, "चुकत असलो तर दोघं मिळून चुकू." तो कधीकधी बरं बोलतो.

राहायला गेलो त्या दिवशी अम्मा ऑटो करून आली. हातात दुधाचं पातेलं होतं. नव्या घरात दूध उतू घालायचं असतं, म्हणून स्वतः घेऊन आलेली. पण फाटकाच्या आत तिनं पाय ठेवला नाही. ते नक्षत्र तिच्यासाठी अजून घरातच होतं. मी पातेलं आत नेलं, गॅसवर ठेवलं, आणि तिला फाटकावरून दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं. दूध उतू गेलं तेव्हा तिनं तिथूनच हात जोडले. माय बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

आता माय रोज दुपारी अम्माकडे जाते. अम्मा इकडे येत नाही, म्हणून. जाताना ऑटो, येताना ऑटो, दम्याच्या बाईला. मी म्हटलं, "एवढं आपलं घर घेतलं, आणि तू दिवसभर भाड्याच्या घरी जाऊन बसतं?"

"आपलं हाय ना? मंग कुठी पळते ते?"

माझी बदली झाली. रोज दोन बस बदलून जाते. नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि तो ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवतो. पगार आला की हप्ता जातो. हे घर उद्या कोणी घेईल की नाही, ठाऊक नाही. कोणी विचारलं, बाई, भाडं बरं की आपलं घर बरं, तर मी पुन्हा कागद-पेन घेऊन बसते. अर्धं आयुष्य मुलांना उत्तरं तपासून देण्यात गेलं, आणि हे एक मला अजून येत नाही.

पण रजिस्ट्री माझ्या नावावर आहे. आमच्या खानदानातलं हे पहिलं घर. इथून जा, असं माझ्या मायला आता कोणी म्हणू शकत नाही.